जावयाच्या भारोभार गूळ

वर्ध्याला जातोय म्हटलं की पुण्यात समोरच्याचा चेहरा एकदम गंभीर होतो. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून "जाऊन या, मनाला बरं वाटेल" असं सांगितलं. दुसऱ्यांनी मला सूत कातता येतं का, ते विचारलं. आपण तिकडे गुळात तोलून घ्यायला चाललो आहोत, हे मी दोघांनाही सांगितलं नाही.

प्रकार असा. दोन वर्षांपूर्वी माझी बायपास झाली. टेबलावर मी, सुरी पुण्यातल्या सर्जनच्या हातात, आणि श्रेय मात्र केळझरच्या गणपतीला, असा निकाल माझ्या सासूबाईंनी वर्ध्याला बसून परस्पर लावून टाकला. 'जावई बरे होऊन घरी आले तर त्यांच्या भारोभार गूळ वाटीन' असा त्यांचा नवस होता. मी भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. आमच्या पेठेत एक चौकस मंडळ आहे. तिथे दर महिन्याला पंधरा-वीस निवृत्त माणसं जमतात आणि चहा-बिस्किटांबरोबर जगातली अंधश्रद्धा कमी करतात. हिंडू-फिरू लागल्यावर माझं तिथलं पहिलं व्याख्यान 'नवस म्हणजे देवाला दिलेली लाच' याच विषयावर झालं. टाळ्या बऱ्या पडल्या. त्यानंतर गुळासमोर काट्यावर जाऊन बसणं मला कसं शोभलं असतं? मी दर खेपेला काहीतरी कारण काढत राहिलो. शेवटी या जानेवारीत बायकोनं, म्हणजे कल्पनानं, मला न विचारता तिकिटं काढली.

"तुम्हाला नुसतं बसायचंय," ती म्हणाली. "विज्ञान काही बुडत नाही."

मी तीन अटी घातल्या. फोटो काढायचा नाही, गाजावाजा करायचा नाही आणि एकदाच बसणार. अटी घालायला मला फार आवडतं, हे कल्पनाला ठाऊक असल्यामुळे तिनं तिन्ही मान्य केल्या.

सिंदी मेघे

माझा मेहुणा विलास वर्ध्याला लागूनच सिंदी मेघेत राहतो. एका कॉलेजात कारकून आहे, समुद्रपूरकडे थोडी शेती आहे, आणि सासूबाई त्याच्याकडे असतात. सकाळी दारात रिक्षा थांबली तेव्हा तो आंघोळ अर्धवट टाकून टॉवेलवरच बाहेर आला. पुण्यात पाहुण्याला आधी वाट बघायला लावतात, मग दार उघडतात.

तर्री-पोह्यांनी सुरुवात झाली. आपल्याकडे पोह्यांवर खोबरं भुरभुरतात, इथे पोह्यांना हरभऱ्याच्या लाल रश्शात आंघोळ घालतात. दोन घास खाल्ले आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते पाहून सासूबाईंनी आणखी एक पळी वाढली. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी येणं ही इथे पसंतीची खूण समजली जाते. मग चहा. 'घेणार का', 'अर्धा चालेल का' वगैरे चौकशा इथे नाहीत. चहा येतो, तो संपवावा, पुन्हा येतो. अकरा वाजेपर्यंत माझे चार कप झाले होते.

चौथ्या कपाला माझ्या लक्षात आलं, की सासूबाईंच्या हातात स्टीलचा पेला आहे आणि त्यात नुसतं गरम पाणी आहे.

हे मला विचित्र वाटलं, कारण ही बाई चहाची. कापूस वेचायला जाताना शिदोरी विसरली तरी चहाची किटली विसरायची नाही. एकदा आमच्याकडे पुण्याला आल्या होत्या तेव्हा आमचे कप पाहून "हे काय बाहुलीचे हायेत का?" असं विचारून त्यांनी सरळ आमटीच्या वाटीतून चहा घेतला होता. मी विलासला अंगणात गाठलं.

"आईंना डॉक्टरांनी चहा बंद केलाय का?"

"जिजाजी, तुमाले खरंच मालूम नाई? तुमी आपरेशनले आत गेले ना, त्या दिवशीच आईनं चहा सोडला. नवस फिटल्याबिगर पेनार नाई म्हने."

"त्याला दोन वर्षं झाली."

"हो ना जी. पहिले आठ दिवस तं डोकं दुखून दुखून बेजार झालती. बाम लावे अन् भिताडाकडं तोंड करून बसे. आता सवय झाली."

मी आत जाऊन कल्पनाला खडसावलं, की हे मला आधी का सांगितलं नाहीस. ती कपाटात कपडे लावत होती. मान वर न करता म्हणाली, "आईनं बजावलं होतं. जवाईबापूवर जोर नोको टाकू, त्याईच्या मनानं आले पायजे, असं."

'भावनिक दडपण' या विषयावर मी मंडळात चाळीस मिनिटं बोललो होतो. नवस करणारे लोक घरच्यांना कसे वेठीला धरतात, याची मी तीन उदाहरणं दिली होती. त्यातलं दुसरं उदाहरण नाव न घेता सासूबाईंचंच होतं.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कायदा आहे, पोलीस आहेत, तपासणी आहे, आणि इतकं असूनही ती बंदी पाळली जाते का, असं विचारलं की इथली माणसं आकाशाकडे बघतात. त्याच जिल्ह्यात एका पंच्याहत्तर वर्षांच्या बाईनं स्वतःपुरती चहाबंदी लागू केली होती. तिला ना पोलीस लागला ना पंचनामा. घरात दिवसातून सहा वेळा चहा उकळत होता आणि ती स्वतःच्या हातानं तो सगळ्यांना गाळून देत होती. हे सगळं आठवून त्या दिवशी पाचवा कप मला घेववेना, पण सासूबाईंनी तो समोर आणून ठेवला आणि न घेण्याची हिंमतही झाली नाही.

समुद्रपूर

दुसऱ्या दिवशी काट्याची व्यवस्था करायला विलास आणि मी एसटीनं समुद्रपूरला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, शेवटच्या वेच्याचा कापूस आणि कापणीला आलेली तूर. वेचणी संपत आलेल्या कापसाचं शेत जरा विस्कटलेलं दिसतं, पण थंडीच्या उन्हात मला ते फार आवडलं.

भोजराजभाऊ हे तिथले व्यापारी. धान्य, कापूस, जनावरांची ढेप, सगळं घेतात आणि विकतात. विलासच्या घरचा कापूस तीस वर्षं त्यांच्याकडेच जातो. मोठा देह, कपाळाला गंध, आणि समोरचा माणूस बोलत असताना पोत्यात हात घालून कापूस दाबून बघायची सवय. माझी ओळख करून दिल्यावर त्यांनी माझाही दंड दोन बोटांनी दाबून पाहिला.

"ब्याऐंशी भरतीन," ते विलासला म्हणाले. पुण्यात गेल्याच आठवड्यात मी ब्याऐंशी भरलो होतो.

मी विचारलं, की तुलेला दोन पारड्यांचा लटकणारा तराजू लागत नाही का? शास्त्र वगैरे?

"लटकनारा तराजू आता कोर्टाच्या फोटोतच भेटते सर," भोजराजभाऊ म्हणाले. "आपला इलेक्ट्रॉनिक काटा हाय. ग्रॅमची चूक नाई. गाडीत टाकून केळझरले मीच आनतो ना. काकूचं काम हाय, कायले फिकर करता?"

गुळाच्या किलो-किलोच्या पंच्याऐंशी भेल्या आणायचं ठरलं. उरतील त्या परत न्यायच्या. मग त्यांनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. पाटोडीचा रस्सा, गोळाभात, वरून कच्च्या तेलाची धार. बायपास झालेल्या माणसानं काय खाऊ नये याची माझ्याकडे एक छापील यादी आहे. तिच्यातलं फारसं काही राहिलं असेल असं वाटत नाही.

तेवढ्यात एका शेतकऱ्याचा कापूस तोलला जाताना मी पाहिला. काट्याच्या लाल आकड्यांत एक वजन दिसत होतं आणि भोजराजभाऊ मोठ्यानं दुसरंच, थोडं कमी वजन पुकारत होते. मी विलासला कोपरानं ढोसलं.

"कट्टी हाय ती," विलास हळूच म्हणाला. "कापसात ओलावा असते ना, तेवढं वजन कापून पुकारते."

"पण कापूस तर वाळलेला दिसतोय."

"कापूस वाळते जिजाजी, कट्टी नाई वाळत."

केळझर

केळझर हे नागपूर रस्त्यावर, सेलू तालुक्यात. बकासुर इथलाच, असं गावकरी सांगतात. रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस त्याच्याकडे पाठवायचे, मग भीमानं त्याचा निकाल लावला. भोजराजभाऊंची गाडी गूळ घेऊन आली आणि मागून मी उतरलो, तेव्हा मला त्या जुन्या व्यवस्थेची आठवण झाली.

गणपतीचं दर्शन मी बाहेरून घेतलं, म्हणजे चपला सांभाळल्या. सासूबाई आत बराच वेळ होत्या. बाहेर आल्या तेव्हा नवं लुगडं, कपाळावर कुंकू आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी धास्ती. देवळाच्या आवाराबाहेर एका कडुनिंबाखाली काटा मांडला. सकाळची वेळ होती, चार-दोन फुलवाल्या सोडल्या तर कुणी नव्हतं. पटकन बसावं आणि मोकळं व्हावं, असा माझा बेत होता. काट्यावर पाट ठेवला, मी मांडी घातली, सासूबाईंनी मला ओवाळलं. माझ्या हयातीत मला इतकं शांतपणे कुणी मूर्ख बनवलं नव्हतं, असं मी मनात म्हणत होतो.

"एकोणऐंशी!" भोजराजभाऊंनी पुकारलं.

एकोणऐंशी भेल्या उतरल्या. सासूबाईंनी हात जोडून डोळे मिटले आणि "देवा, फिटला रे बाप्पा" असं म्हणून एक लांब श्वास सोडला. विलास टपरीकडे चहा सांगायला निघालासुद्धा. इथपर्यंत सगळं छान झालं होतं. माती मी केली.

"बघ," मी कल्पनाला अभिमानानं म्हणालो, "तीन किलो उतरलो. गेल्या आठवड्यात ब्याऐंशी होतो."

"काल तीन वाट्या गोळाभात खाऊन?" कल्पना म्हणाली.

सासूबाईंनी डोळे उघडले. त्यांनी आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग भोजराजभाऊंकडे. उभा जन्म कापूस पिकवून काट्यावर नेलेली बाई ती.

"भोजराज, कट्टी कापली काय रे?"

भोजराजभाऊंचा हात तोंडावर गेला. "अरे बाप रे! काकू, सवयीनं कापली. काटा ब्याऐंशीच दाखवून राह्यलता. तोंडातून आपोआपच एकोणऐंशी निंगालं. आदमी कधी तोलला नाई ना मी."

मी खो खो हसलो. माझ्यात तीन किलो ओलावा निघाला, असं काहीतरी बोललोही. कल्पना हसली, भोजराजभाऊही ओशाळून हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या गुळाच्या ढिगाकडे बघत उभ्या होत्या.

विलास परत आला. "तीन भेल्या वरून टाक ना आई. गाडीत हायेत. झालं."

"असं नाई होत. भारोभार म्हनलं होतं. मागून टाकलं तं भर घातल्यासारखं झालं. अन् मी देवाले फिटला म्हनून सांगूनही बसली."

"देव समजून घेईन."

"देव घेईन रे. मले नाई समजत." मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "राहू द्या जवाईबापू. तुमी एकदाच बसतो म्हनलं होतं, ते तुमी केलं. पुढच्या साली पाहू."

पुढच्या साली. म्हणजे आणखी एक वर्ष गरम पाणी, आणि तेही कुणावर राग न धरता. मला माझी तिसरी अट आठवली आणि खरंच लाज वाटली. काट्यावर बसण्याची नव्हे, अट घालण्याची.

नेमकी त्याच वेळी बायकांनी भरलेली एक बस येऊन थांबली. पन्नासेक जणी भराभर उतरल्या आणि गूळ पाहून थेट कडुनिंबाखालीच आल्या. 'काय हाय जी इथं?' 'जवायाची तुला हाय म्हने.' 'कोनता जवाई? थो चश्मेवाला?' बघता बघता रिंगण तयार झालं.

"भोजराजभाऊ, काटा परत लावा," मी म्हणालो.

आणि एकदा परत लावायचाच म्हटल्यावर माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. काटा सपाट नाही, खाली दगड आहे, तो मी काढायला लावला. पाट ठेवून आकडा शून्यावर आणायला लावला. पाच भेल्या ठेवून काटा खरा बोलतो का, ते तपासलं. मग मी बूट काढले, स्वेटर काढला, मोबाइल आणि किल्ल्या कल्पनाकडे दिल्या. सगळ्या रिंगणाला मी मोठ्यानं समजावून सांगत होतो, की मोजमाप अचूक नसेल तर नवसाला काही अर्थ नाही. हे वाक्य मी उच्चारलं, पन्नास बायकांनी माना डोलावल्या, आणि माझ्या निवृत्त आयुष्यातला हा सगळ्यात जास्त श्रोत्यांचा कार्यक्रम होता. फोटो तर इतके निघाले, की त्यातला एक दुपारच्या आत आमच्या मंडळाच्या ग्रुपवर पोचला. तो विलासनंच आपल्या स्टेटसला ठेवला होता आणि तिथून कुणीतरी पुढे ढकलला. मंडळानं माझं पुढचं व्याख्यान तूर्त लांबणीवर टाकलं आहे.

"एक्क्याऐंशी किलो चारशे ग्रॅम," भोजराजभाऊंनी या वेळी आकड्यांवर बोट ठेवून वाचलं. "कट्टी नाई."

"ब्याऐंशी धर," सासूबाई म्हणाल्या. "देवाले वरचं." त्यांनी स्वतः एकेक भेली मोजून मांडली, पुन्हा आत जाऊन आल्या, आणि मग त्या सगळ्या बायकांना पदरात गूळ घालत सुटल्या. कुणाचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. एका बाईला साखरेचा त्रास होता, तिला "लेकराईले द्या" म्हणून दोन भेल्या मिळाल्या.

मग आम्ही टपरीवर बसलो. विलासनं मोठ्या ग्लासात, कडक, असा चहा सांगितला. सासूबाईंनी ग्लास दोन्ही हातांत धरला, फुंकर घातली आणि पहिला घोट घेतला. आम्ही चौघंही आपापले ग्लास खाली ठेवून त्यांच्याकडे बघत होतो. भोजराजभाऊंनी तर टोपी काढली होती.

"साखर लय घातली बाप्पा यानं," त्या म्हणाल्या. ग्लास रिकामा झाल्यावर विलासकडे देऊन म्हणाल्या, "अजून एक सांग."

दुसरा ग्लास येईपर्यंत मी विचारलं, "आई, मी आलोच नसतो तर?"

"नसता पेला."

"आणि ऑपरेशनमध्येच मला काही बरंवाईट झालं असतं तर?"

मी काहीतरी खुळ्यासारखं विचारतोय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग चहा कोनाच्या घशाखाली उतरला असता, जवाईबापू?"

लाच, व्यवहार, दडपण हे माझे सगळे शब्द त्या टपरीवर मला आठवत होते आणि त्यातला एकही कुठे बसत नव्हता. मी चष्मा पुसत बसलो. सासूबाईंनी तेवढ्यात बाजूची कापडी पिशवी ओढून त्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक भेली काढली.

"हे तुमच्या डॉक्टरची. पहिलीच बाजूले काढून ठेवली होती."

"डॉक्टरांची?"

"मंग? हात त्याईचे होते ना. देवानं काय सोता येऊन टाके घातले?" त्यांनी भेली पुन्हा नीट गुंडाळली. "त्याईच्या घरी कोन कोन हाय?"

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं मंडळात मी या माणसाचं श्रेय देवाच्या हातून सोडवून आणत होतो, आणि तो कुठे राहतो हेही मला ठाऊक नव्हतं. तपासणीला मी त्यांच्या सहायकाकडे जातो, तिथली रांग लहान असते.

"अन् बरे झाल्यावर भेटाले गेलते तवा त्याईले काय देलं तुमी?"

रुग्णालयाला मी इंटरनेटवर पाचपैकी चार तारे दिले होते. पाचवा पार्किंगची सोय नीट नाही म्हणून दिला नव्हता. कल्पनाला हे ठाऊक होतं, ती चहाच्या ग्लासात बघत राहिली. सासूबाई भेली पुढे धरून उत्तराची वाट बघत होत्या.

"काहीच नाही दिलं, आई," मी म्हणालो आणि भेली घेतली.